पिंपरीच्या टाक्यांमधली पेशी

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा स्कूटर, ट्रक आणि इंजिनांपासून सुरुवात करतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या माळांवर प्लॉट पडले, बजाज आली, टेल्को आली आणि हा पट्टा सरकत सरकत चाकणला पोचला, असा तो क्रम. मी देहूरोडला वाढले, नोकरीभर याच भागातल्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं आणि मला हा क्रम अपुरा वाटतो. इथल्या कारखानदारीची सुरुवात ज्या कारखान्यानं झाली, तो महामंडळाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता आणि तिथे लोखंड कापलं जात नव्हतं. तिथे जिवंत पेशी वाढवल्या जात होत्या. मार्च १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही ती कंपनी. आमच्याकडे सगळे तिला ‘एच. ए.’ म्हणतात, जुन्या लोकांच्या तोंडी ‘पेनिसिलीन फॅक्टरी’. स्वतंत्र भारताच्या सरकारनं औषधं बनवण्यासाठी काढलेली ही पहिली कंपनी. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तिथे फर्मेंटेशन विभागात ऑपरेटर होते. देहूरोडमधली बहुतेक माणसं तेव्हा डेपोत कामाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करानं इथे दारूगोळ्याचे आणि सामानाचे डेपो उभारले आणि गाव त्यांच्याभोवती वाढलं. डेपोतल्या कामगारांनी इथे बुद्धविहार बांधला आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. देहूरोडचं नाव देशभर पोचलं ते त्या दिवसामुळे. दहाएक किलोमीटरवर पिंपरीत त्याच सुमारास कारखाना उभा राहत होता. पिंपरी म्हणजे तेव्हा पवनेकाठचं गाव, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प आणि मुंबई-पुणे रस्ता. अशा ठिकाणी, जिथे शेकडो माणसांनी सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता, तिथल्या माणसांना पेशीशी रोजचा व्यवहार करायला शिकावं लागलं. त्या शिकण्याबद्दल मला लिहायचं आहे, कारण ते कुठल्याच इतिहासात मला नीट सापडत नाही.

अण्णांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. तरीही ‘पेशी पेशीपासूनच होते’ हे वाक्य मी पाठ्यपुस्तकात वाचायच्या आधी त्यांच्याकडून ऐकलं होतं. आमच्याकडे मावळातल्या पावसात सगळ्यावर बुरशी चढते. भाकरीवर, लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर, कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांवर. आई म्हणायची, ओल धरली की बुरशी येतेच. अण्णा म्हणायचे, ओलीतून काही येत नाही. कुठून तरी बी पडलेलं असतं, ओल त्याला फक्त वाढू देते. त्यांच्या दृष्टीनं ही गप्प बसण्यासारखी बाब नव्हतीच, कारण कारखान्यात त्यांची सगळी नोकरी या एका वाक्यावर चालायची.

या वाक्यामागे दोनशे वर्षांची मेहनत आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाच्या पातळ कापाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि त्याला एकाला एक लागून असलेले रिकामे कप्पे दिसले. बूच मेलेलं होतं. आतला जीव कधीच गेला होता आणि उरल्या होत्या त्या भिंती. म्हणजे माणसानं पेशीचा पहिला भाग पाहिला तो भिंतीचाच. त्याच पुस्तकात हूकनं पुस्तकाच्या चामड्याच्या बांधणीवर वाढलेल्या बुरशीचंही चित्र काढलं आहे. मला ते चित्र फार प्रिय आहे, कारण आमच्या चपलांवरचा तो पांढरा थर त्यात ओळखू येतो. पुढच्या दशकात डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं जिवंत, हलणारे एकपेशीय जीव पाहिले, आणि १६७६ साली त्यानं लंडनला कळवलेल्या जिवांमध्ये जीवाणूही होते. त्यानंतर मात्र कितीतरी काळ हे सगळं कुतूहलाच्या पातळीवर राहिलं. १८३८ मध्ये श्लायडेननं वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वाननं प्राण्यांबद्दल सांगितलं की सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत. पण नवी पेशी येते कुठून, हे दोघांनाही बरोबर सांगता आलं नाही. ती एखाद्या द्रवातून स्फटिकासारखी तयार होत असावी, असं त्यांना वाटत होतं. रेमाकनं पेशी दुभंगताना पाहिल्या आणि १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरशोनं ठामपणे लिहिलं की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. काही वर्षांतच पाश्चरनं लांब वाकड्या मानेच्या चंबूत उकळलेला रस्सा ठेवून दाखवून दिलं की बाहेरून जंतू आला नाही तर रस्सा नासत नाही.

फिरशोच्या त्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी पिंपरीतलं पेनिसिलीन सुरू झालं. हा योगायोगच आहे. पण तो कारखाना त्याच दोन गोष्टींवर उभा होता: हवी ती पेशी आपल्या हातानं पेरल्याशिवाय मिळत नाही आणि नको ती पेशी एकदा शिरली तर आपोआप जात नाही.

पेनिसिलीनची मूळ गोष्ट पुष्कळांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचपात्रात पेनिसिलियम बुरशी पडली आणि तिच्या आसपासचे जीवाणू विरघळून गेले. हे सगळे सांगतात. त्यानंतरची बारा वर्षं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. बुरशी फारच थोडं पेनिसिलीन देत होती. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी मिळेल त्या भांड्यांत, रुग्णांच्या बेडपॅनमध्येसुद्धा, बुरशीचे थर वाढवले. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जीवघेणा संसर्ग दिला. औषध दिलेले चार जगले, बाकीचे चार मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला त्यांनी ते टोचलं. तो सुधारू लागला. औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. तरी ते संपलं आणि तो गेला. मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगत आले, कारण औषध माहीत असणं आणि औषध पुरेसं असणं यांतलं अंतर त्यांना त्या एका माणसामुळे कळतं.

हे अंतर अमेरिकेत तुटलं. १९४३ मध्ये पिओरिया गावच्या बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर अशी बुरशी सापडली, जी कितीतरी पट अधिक पेनिसिलीन देत होती. मका भिजवलेल्या पाण्याचा काढा तिला फार मानवला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भांड्याच्या पृष्ठभागावर थर वाढवण्याऐवजी बुरशीला खोल टाकीत बुडवून, खालून हवा सोडून, ढवळत वाढवण्याचं तंत्र बसलं. पण युद्धात बनलेलं बहुतेक पेनिसिलीन लष्कराकडे गेलं. भारतासारख्या देशाला ते बाहेरून, महागात घ्यावं लागे. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखे यांच्यासारखी माणसं तेव्हापासून सांगत होती की औषधं आपली आपण बनवली पाहिजेत. शेवटी भारत सरकारच्या पैशाला संयुक्त राष्ट्रांची जोड मिळाली. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञ पाठवले आणि जागा ठरली पिंपरी.

आता त्या टाक्यांकडे येते.

पेनिसिलीनची बॅच सुरू होते ती नखावर मावेल एवढ्या बियाण्यापासून. चांगल्या वाणाचे बीजाणू वाळवून, गोठवून, काचेच्या छोट्या नळ्यांत बंद करून ठेवलेले असतात. त्यांतली एक नळी उघडून तिरक्या आगरवर बुरशी वाढवतात, तिथून चंबूत, चंबूतून छोट्या सीड टाकीत, तिथून मोठ्या सीड टाकीत, आणि मग दोन-तीन मजले उंच, हजारो लिटरच्या मुख्य फर्मेंटरमध्ये. प्रत्येक पायरीला बुरशी काही पटींनी वाढते, आणि प्रत्येक पायरीला ती एका भांड्यातून दुसऱ्यात नेताना धोका असतो. अण्णा बाकी कशाला नाही पण या नेण्याला घाबरायचे. टाकी, नळ, झडपा, सगळं आधी वाफेनं निर्जंतुक केलेलं. आत जाणारी हवा कॉम्प्रेसरमधून येऊन फिल्टरमधून गाळलेली. तरी कुठल्या तरी झडपेच्या सांध्यात, वाफ पोचली नाही अशा कोपऱ्यात, एखादा जीवाणू तग धरून राहायचा.

त्याचं काय होतं ते आकड्यात पाहू. पोषक आणि उबदार रसात कित्येक जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्ध्या तासाचा हिशोब धरला तरी एकाचे दहा तासांत दहा लाख होतात. त्यांच्यापुढे बुरशी संथ. तिला दुप्पट व्हायला काही तास लागतात. वर काही जीवाणू पेनिसिलिनेज नावाचं विकर सोडतात आणि ते तयार झालेलं पेनिसिलीन तोडून टाकतं. या विकराचा शोध अब्राहम आणि चेन यांना १९४० मध्येच लागला होता, म्हणजे औषध पहिल्या माणसाला टोचण्याच्याही आधी. रात्रपाळीत सँपल काढून काचेवर घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि बुरशीच्या जाडसर तंतूंमध्ये बारीक काड्या किंवा ठिपके दिसतात का ते बघायचं. दिसले तर बॅच गेली. अण्णा घरी येऊन ‘आज बॅच गेली’ म्हणाले की आई त्या दिवशी त्यांच्याशी फार बोलायची नाही.

ही टाकी म्हणजे पेशी शिकवण्याची मोठी शाळा होती. पाठ्यपुस्तकात आम्ही लिहितो की तंतुकणिका पेशीला ऊर्जा पुरवतात आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. परीक्षेत त्याला एक गुण असतो. टाकीत त्याचा अर्थ असा होता की हवा बंद पडली तर काही मिनिटांत द्रवातला प्राणवायू संपतो आणि अब्जावधी पेशी गुदमरू लागतात. म्हणून बॅच चालू असताना दिवसरात्र, सणवार काही न पाहता, हवा आणि ढवळणं चालू ठेवावं लागतं. पेशी श्वसन करताना उष्णता बाहेर टाकते हेही आम्ही शिकवतो; इतक्या पेशी एका ठिकाणी श्वसन करू लागल्या की टाकी तापते, आणि पेनिसिलियमला चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपासच बरं वाटतं. म्हणून टाकीला सतत थंड पाणी खेळवावं लागतं. उन्हाळ्यात ते पाणी पुरेसं थंड ठेवणं ही वेगळी लढाई.

आणखी एक गोष्ट मला नवलाची वाटते. बुरशीला भरपूर ग्लुकोज दिली की ती खूप वाढते आणि पेनिसिलीन फारसं बनवत नाही. तिला हळूहळू पचणारी साखर दिली, थोडं उपाशी ठेवलं, की वाढ मंदावते आणि मग ती पेनिसिलीन तयार करू लागते. पूर्वी त्यासाठी दुधातली साखर, लॅक्टोज, वापरत; नंतर ग्लुकोजच थेंबाथेंबानं सोडण्याची पद्धत आली. म्हणजे पेशी एकाच वेळी सगळं करत नाही. आत केंद्रकात सगळ्या कामांच्या सूचना असतात, पण कोणतं काम कधी सुरू करायचं हे ती बाहेरच्या परिस्थितीवरून ठरवते. अण्णांना जनुकांबद्दल काही माहीत नव्हतं. पण ‘तिला जास्त घातलं की ती आळसते’ हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पाच-सहा दिवसांनी टाकी रिकामी करतात. बुरशीचे तंतू गाळून वेगळे काढले की उरतो तो ब्रॉथ. पेनिसिलीन पेशीच्या बाहेर, त्या द्रवात आलेलं असतं. तो द्रव झटपट थंड करून, आम्ल घालून, सॉल्व्हंटमध्ये औषध ओढून घ्यायचं. आम्लात पेनिसिलीन टिकत नाही, म्हणून इथे हात चालवावा लागतो. मग स्फटिक, मग निर्जंतुक खोलीत छोट्या व्हायल्समध्ये भरणं. ‘चार लाख’ म्हणजे चार लाख युनिटची प्रोकेन पेनिसिलीनची व्हायल, हा शब्द गावोगावच्या डॉक्टरांकडे आणि कंपाउंडरांकडे तेव्हा इतका रुळला होता की म्हाताऱ्या बायकाही ‘चार लाख दिलं का?’ असं विचारत.

ते औषध शरीरात जाऊन करतं काय, हे मात्र चार लाख मागणाऱ्यांपैकी फार कुणाला माहीत नसे. पेशीबद्दल शिकवताना मला सर्वांत हाताशी येतं ते हेच. जीवाणूच्या पेशीत आत दाब फार मोठा असतो. पुवाचा स्टॅफिलोकॉकस घेतला तर वातावरणाच्या वीसपट किंवा त्याहूनही अधिक. आतलं पातळ प्रद्रव्यपटल एकट्यानं तो दाब सोसू शकत नाही. बाहेरची भित्तिका ते धरून ठेवते; सायकलची ट्यूब टायरमुळे फुटत नाही, तसंच. जीवाणू वाढताना ही भित्तिका सतत थोडी उसवतो आणि पुन्हा विणतो. ते विणणाऱ्या विकराला पेनिसिलीन जाऊन चिकटतं आणि कायमचं निकामी करतं. उसवणं चालू राहतं, विणणं थांबतं, आणि एका क्षणी पेशी फुटते. फ्लेमिंगच्या काचपात्रात विरघळलेले जीवाणू असेच फुटले होते.

आता माणसाच्या पेशीला भित्तिका नसतेच. म्हणून जीवाणूसाठी जीवघेणं असलेलं हे औषध आपल्या पेशींना, ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे असे लोक सोडले तर, फारसं काही करत नाही. मग पेनिसिलियमची स्वतःची पेशी का फुटत नाही? तिला तर भित्तिका आहे. पण ती वेगळ्या द्रव्याची, मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनची. तिथे पेनिसिलीनला चिकटायला काही सापडत नाही. शिवाय बुरशीच्या पेशीत केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत. रचनेनं ती जीवाणूपेक्षा आपल्याला जवळची. हे मुलांना सांगितलं की वर्गात बराच वेळ कुजबुज चालते. भाकरीवरची बुरशी आपली जवळची नातेवाईक, हे पचायला वेळ लागतो.

पेनिसिलीनला क्षयाचा जंतू दाद देत नव्हता. त्याच्या भित्तिकेवर मेणासारख्या मेदाचा जाड थर असतो आणि त्याच्याकडे पेनिसिलीन तोडणारं विकरही असतं. त्यासाठी औषध आलं ते स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेत रट्गर्समध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झनं ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस या जीवाणूपासून मिळवलं. एच. ए.मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या सहकार्यानं त्याचं उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं. हे औषध भिंतीच्या आत शिरतं. पेशीत रायबोझोम नावाचे सूक्ष्म कण असतात. केंद्रकातल्या, किंवा जीवाणूत केंद्रक नसल्यामुळे सुट्या डीएनएतल्या, सूचनेनुसार प्रथिनं जोडण्याचं काम तिथे चालतं. जीवाणूचा रायबोझोम आपल्या रायबोझोमपेक्षा लहान आणि वेगळ्या घडणीचा आहे. स्ट्रेप्टोमायसिन त्याला चिकटतं आणि प्रथिनं चुकीची जुळायला लागतात. आपल्या रायबोझोमवर ते तितकं बसत नाही. कानाच्या आतल्या पेशींना मात्र ते इजा करू शकतं, आणि त्या काळी क्षयातून उठलेल्या काहींचं ऐकणं कायमचं कमी झालं, हेही सांगितलं पाहिजे.

पिंपरीची खरी स्वतःची कमाई मात्र तिसरीच, आणि तिच्याबद्दल आमच्या पट्ट्यात कुणी बोलत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारखान्यात संशोधन विभाग होता आणि तिथे मांड्यम जीरसन्निधी तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या चमूनं मातीचे नमुने गोळा करून त्यांतले सूक्ष्मजीव वेगळे काढायला सुरुवात केली. त्यांतून स्ट्रेप्टोमायसेसची एक जात मिळाली, जी बुरशीला मारणारं द्रव्य तयार करत होती. त्या जातीचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना. द्रव्याचं नाव हमायसिन, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून. १९६१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. तोंडातली, कानातली, योनिमार्गातली बुरशी यांवर हे औषध डॉक्टर वापरू लागले.

बुरशीवर औषध शोधणं जीवाणूवर शोधण्यापेक्षा अवघड आहे, आणि कारण वर आलंच: तिची पेशी आपल्या पेशीसारखी. तिच्यात काय तोडायचं, जे आपल्यात नाही? हमायसिनचं उत्तर प्रद्रव्यपटलात आहे. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल. हमायसिनचे रेणू अर्गोस्टेरॉलला अधिक घट्ट धरतात, पटलाला छिद्रं पडतात आणि आतले क्षार, मुख्यतः पोटॅशियम, गळून जातात. पेशीच्या आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवणं हेच तर पटलाचं काम. ते गेलं की पेशी मरते. कोलेस्टेरॉललाही हे औषध थोडं धरतं, म्हणून ते जपून आणि बहुतेक वरून लावण्यासाठीच वापरावं लागलं.

त्याच विभागातून पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन आलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी अँटिअमीबिन आलं. ते ज्या बुरशीपासून मिळालं तिच्या नावात ‘पूनेन्सिस’ आहे, म्हणजे पुण्याची. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे त्यांचं संशोधनपत्र १९५८ पासून निघू लागलं आणि ते जगभरच्या ग्रंथालयांत जात होतं. जीवशास्त्राच्या नामावलीत ज्या गावाचं नाव एका जातीला मिळालं, त्या गावातल्या मुलाला ते माहीत नसावं, हे मला शिक्षिका म्हणून टोचतं.

भित्तिका, रायबोझोम, पटल. एकाच कारखान्यानं बनवलेली तीन औषधं पेशीच्या तीन भागांवर जाऊन बसतात. केंद्रकही त्यात होतंच. बुरशीचा वाण सुधारण्यासाठी बीजाणूंवर अतिनील किरण सोडत. बहुतेक मरत, उरलेल्यांच्या डीएनएत कुठे कुठे बदल होई, आणि त्यांतून अधिक पेनिसिलीन देणारा एखादा निवडत. खरबुजावरच्या त्या मूळ बुरशीपासून जगभर अशाच निवडीनं आजचे वाण आले आहेत.

पुढचा इतिहास मी पटकन सांगते, कारण तो आनंदाचा नाही. १९९१ नंतर आयात खुली झाली, परदेशातून, विशेषतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलीन येऊ लागलं आणि देशातल्या फर्मेंटेशनच्या कारखान्यांना ते झेपेना. एच. ए. आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पुढच्या काही वर्षांत भारतात पेनिसिलीन जी बनवणं जवळजवळ थांबलं, आणि जगाला औषधं पुरवणारा देश त्याच्या मूळ द्रव्यासाठी बाहेरच्यांवर अवलंबून राहिला. याचा त्रास कुणाला झाला? संधिवाताच्या तापानं हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ते औषध इतकं स्वस्त आहे की बनवणाऱ्याला त्यात फार काही उरत नाही, आणि म्हणून ते बाजारातून अधूनमधून नाहीसं होतं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिची आई पुण्यात औषधाची दुकानं पालथी घालायची. अलीकडे केंद्र सरकारच्या प्रोत्साहन योजनेतून आंध्रातल्या काकीनाड्याजवळ पेनिसिलीन जीचा नवा मोठा कारखाना उभा राहिला आहे. मला ती बातमी वाचून फार बरं वाटलं. पण टाकीत पेशी सांभाळायची जी जाण एका पिढीच्या हातात आली होती, ती तीस वर्षं वापरली गेली नाही तर पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते, हेही खरं.

पुण्यात ही परंपरा पूर्ण तुटली नाही, एवढं समाधान आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह १९५१ पासून जपला जातो. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती आणि पेशी वाढवून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवणारी राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याची सुरुवात झाली. तिथे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी गोठवून ठेवतात, आणि मागणी आली की जाग्या करून पाठवतात. माणसाची पेशी शरीराबाहेर वाढवणं बुरशीपेक्षा कितीतरी नाजूक. पण नियम तेच: बी जपायचं, परकी पेशी शिरू द्यायची नाही, हवा आणि ऊब चुकू द्यायची नाही.

आठवीच्या मुलांना मी कांद्याची साल काचेवर पसरून, आयोडीनचा थेंब घालून पेशी दाखवत आले. हूकला दिसल्या तशा त्या विटांसारख्या ओळी मुलांना लगेच दिसतात. नंतर मी एक पिचलेलं, हिरवी बुरशी चढलेलं लिंबू बंद काचेच्या बरणीत वर्गात ठेवायचे. ती हिरवीगार बुरशी पेनिसिलियमच्याच कुळातली. मग पिंपरीची गोष्ट. भित्तिका म्हटलं की पेनिसिलीन, रायबोझोम म्हटलं की स्ट्रेप्टोमायसिन, पटल म्हटलं की हमायसिन, अशी जोडी मुलांच्या डोक्यात बसली की आकृतीला नावं देताना ती अडखळत नाहीत. माझी एवढीच मागणी आहे की देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरीतल्या शाळांनी पेशीचा धडा असाच शिकवावा, आणि चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये एक जुनी सीड टाकी, तिच्या झडपा, हवेचा फिल्टर आणि ढवळणीसकट, मुलांना हात लावून बघता येईल अशी ठेवावी. शेजारी स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिनाची एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावावी आणि वर मराठीत लिहावं की ही जात पिंपरीत सापडली, १९६१ मध्ये जाहीर झाली, आणि तिच्यापासून हे औषध झालं.